बॅटरीचं ड्रिल आणि डब्यांची फळी

मैत्रिणींनो, दोन भोकांसाठी मिस्त्रीची आठ-आठ दिवस वाट बघणं आपल्याला नवीन नाही. आमच्या गटाने बॅटरीचं ड्रिल घेतलं, तेव्हा पहिली फळी मी माझ्याच घरात बसवली. दहा-दहा किलोचे चार डबे वर ठेवले. तिसऱ्या रात्री फळी डब्यांसकट खाली! धाकटी त्या दिवशी आजीजवळ झोपली होती. एरवी तिचं अंथरूण तिथंच असतं.

ड्रिल चांगलं होतं, फळीही चांगली होती. चूक भोकात होती.

पक्क्या भिंतीला वरून सिमेंटचा गिलावा असतो, साधारण बोटभर जाड. वजन पेलते ती आतली वीट. मी भोक पाडलं ते जेमतेम गिलाव्यापुरतं. स्क्रू घट्ट लागला म्हणून मी खूश! म्हणून आता भोक पाडताना भुकटीकडे बघते. आधी करडी येते, मग लाल. लाल आली की वीट लागली. तिथून पुढे प्लास्टिकची गिट्टी पूर्ण विटेत मावेल एवढं खोल जायचं. बिटवर तेवढ्या लांबीला चिकटपट्टी गुंडाळली की अंदाज चुकत नाही. सिमेंटच्या ब्लॉकची भिंत असेल तर लाल दिसणार नाही, तिथे या पट्टीवरच भरवसा. भोकातली भुकटी काढल्याशिवाय गिट्टी बसवू नका. गिट्टी ६ मिलिमीटरची तर बिटही ६ चंच. मोठं भोक पाडून त्यात काड्या कोंबण्याचा उद्योग करू नका.

भिंतीचं बिट वेगळं, लाकडाचं वेगळं. भिंतीच्या बिटाच्या टोकाला चपटं, रुंद पातं असतं. लाकडाच्या बऱ्याच बिटांना मधोमध बारीक अणी असते. भिंतीसाठी ड्रिलवरची खूण हातोड्यावर फिरवायची. लाकडाला हातोडा नको. सगळ्याच ड्रिलना हा हातोडा नसतो, म्हणून घेतानाच विचारा, "विटेच्या भिंतीला चालेल का?"

मातीच्या भिंतीत गिट्टी धरत नाही, माती सुटते. अशा घरात फळीचा भार लाकडी खांबावर घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. भिंतीच्या आतून वायर गेलेली असते. स्विचबोर्डच्या सरळ वर, खाली किंवा बाजूला भोक पाडायचं नाही. नळाच्या वरही नाही, आत पाइप असतो. आणि भोक कुठंही पाडा, आधी घराचा मेन स्विच बंद करा. वायरच्या ड्रिलला हे जमत नाही, आपलं बॅटरीवर चालतं म्हणून जमतं. मला विचाराल तर बॅटरीचं ड्रिल घेण्याचं खरं कारण हेच.

पदर खोचून घ्या, वेणीचा अंबाडा घाला, बांगड्या काढून ठेवा. हातमोजे घालू नका, फिरत्या बिटात अडकतात. डोळ्याला चष्मा हवाच. बिट बदलताना आधी बॅटरी काढा, बटणावर चुकून बोट पडतं. पत्र्याला भोक पाडताना पत्रा हाताने धरायचा नाही, तो गरकन फिरतो आणि हात कापतो. पत्रा लाकडावर ठेवून पकडीने आवळा.

बॅटरी उन्हात किंवा चुलीजवळ ठेवू नका. काम झाल्यावर गरम असेल तर गार होऊ द्या, मग चार्जिंगला लावा. महिनोन् महिने पूर्ण रिकामी पडून राहिली तरी ती खराब होते.

वर्षाला चार भोकं पाडायची असतील तर घरोघरी ड्रिल कशाला? गटाचं एक पुरे. आमच्याकडे नेणारीचं नाव वहीत लिहितात, परत येताना बिटं मोजून घेतात. एकदा एक बिट कमी भरलं. दोन दिवसांनी ते माझ्याच मसाल्याच्या डब्यात सापडलं.