मथळा हातातल्या पडद्यावर वाचता यावा म्हणून
(अभ्यासलेख)

पुण्याच्या नारायण पेठेतील गायकवाडवाडा लोकमान्य टिळकांनी १९०५ साली विकत घेतला आणि 'केसरी'चे बिऱ्हाड तेथे आले. आज आपण त्याला केसरीवाडा म्हणतो. १९०८ च्या मे-जून महिन्यांतील ज्या अग्रलेखांवरून टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, त्यांचे मथळे होते 'देशाचे दुर्दैव' आणि 'हे उपाय टिकाऊ नाहीत'. एकात दोन शब्द, दुसऱ्यात चार. आत काय आहे ते वाचकाला मथळ्यावरच समजते, आणि सरकारी वकिलालाही समजले!

त्या काळी मथळा लहान ठेवण्याला आणखी एक साधे कारण होते. वर्तमानपत्राचा स्तंभ अरुंद असतो. जुळारी एकेक खिळा हाताने जुळवी. मोठ्या टायपातला मथळा स्तंभात मावला नाही तर तो कोठे तोडायचा हे त्यालाच ठरवावे लागे. देवनागरीचे खिळेही शेकड्यांनी लागत. ती संख्या कमी व्हावी म्हणून स्वतः टिळकांनी बराच खटाटोप केला होता. मिशनच्या छापखान्यांचा या कामातला वाटाही मोठा आहे. मुंबईच्या अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहम यांनी सुबक देवनागरी ठसे पाडले. तेथेच काम शिकलेल्या जावजी दादाजी यांनी पुढे १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढला. १८४२ पासून निघणारे 'ज्ञानोदय' तर आपल्यापैकी अनेकांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या वाचले गेले आहे.

हे सारे आठवण्याचे कारण असे, की मोबाईलचा पडदा म्हणजे पुन्हा तोच अरुंद स्तंभ आहे. फरक इतकाच, की आता जुळारी नाही. मथळा कोठे तुटावा, किती मोठा दिसावा, हे आपण आधी सांगून ठेवले नाही तर यंत्र आपल्या मर्जीने ठरवते.

आणि वाचणारा कोण? समजा, धडगाव किंवा मोखाडा तालुक्यातील एका पाड्यावर आई मुलीच्या वसतिगृहाची माहिती पाहते आहे. संगणक तिने पाहिलेला नसेल, पण घरात एक फोन आहे. रेंज येते-जाते. ऊन डोळ्यांवर आहे. आपल्या पानावर वर मोठे चित्र, त्याखाली 'महत्त्वाची सूचना' आणि खाली कोठेतरी बारीक अक्षरांत अर्जाची शेवटची तारीख. ती तारीख तिला दिसली नाही तर मुलीचे एक वर्ष जाते.

आधी शब्द, मग सजावट

'महत्त्वाची सूचना' हा मथळाच नव्हे. त्यातून काहीच कळत नाही. 'वसतिगृह प्रवेश : अर्ज कोठे द्यावा' हा मथळा आहे. हिशोब करून पाहा. साधारण स्मार्टफोनचे पान ३६० पिक्सेल रुंद धरतात. दोन्ही कडांना १६-१६ सोडले की ३२८ उरतात. ३२ पिक्सेलच्या अक्षरांत एका ओळीत फार तर पंधराएक अक्षरे बसतात. २०१७ साली आलेल्या जिओफोनचा पडदा तर २४० पिक्सेलचाच होता. म्हणून मथळा दोन ओळींत संपावा असा लिहावा.

लांब सामासिक शब्दांपासून जपावे. 'वसतिगृहप्रवेशासाठी' हा एकच शब्द ४८ पिक्सेलमध्ये मांडला तर तो पडद्याबाहेर जाण्याचा किंवा भलत्याच जागी तुटण्याचा धोका असतो. 'वसतिगृह प्रवेशासाठी' असे दोन शब्द केले की झाले.

देवनागरीचे आपले काही हट्ट

वेबसाइटचे तयार साचे बहुधा इंग्रजी अक्षरे डोळ्यांसमोर ठेवून केलेले असतात. इंग्रजी मथळ्याच्या ओळी एकमेकींना चिकटवून ठेवल्या तरी शोभतात. मराठीत वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार व जोडाक्षरांचे पाय. साच्यातील 'लाइन-हाइट' १.१ अशीच राहिली, तर वरच्या ओळीतील 'मूल'चा ऊकार खालच्या ओळीतील 'कीर्ती'च्या रफारावर येऊन आदळतो. ती १.४ च्या आसपास ठेवावी. मजकुराला १.६ किंवा अधिकही चालते.

'लेटर-स्पेसिंग' म्हणजे अक्षरांमधली वाढवलेली जागा. इंग्रजीत ती ऐटदार दिसते. मराठीत तिने शिरोरेघ तुटते आणि शब्द तुकड्यातुकड्यांनी लटकतो. ती शून्य करावी. तिरपी अक्षरे ही मूळची रोमन लिपीची रीत. बहुतेक देवनागरी फाँटांत तिरपे रूप वेगळे काढलेलेच नसते, म्हणून यंत्र सरळ अक्षरेच कलंडवते. ठळकपणाचेही तसेच. फाँटची ठळक फाइल जोडलेली नसेल तर यंत्र साध्या अक्षरांवरच जाडी चढवते. मग 'ष' आणि 'क्ष' यांची पोटे भरून जातात. मुंबईच्या एक टाइप या गटाचा 'मुक्ता' फाँट सात वजनांत विनामूल्य मिळतो. त्यातील साधे आणि ठळक अशा दोनच फायली घ्याव्यात, सातही नव्हे. प्रत्येक फाइल त्या आईच्या डेटा पॅकमधून उतरते. खरे तर अँड्रॉइड फोनांत देवनागरी फाँट आधीच असतो. लहान संस्थेने त्यावरच भागवले तरी मला त्यात काही कमीपणा वाटत नाही.

पानाच्या सुरुवातीला भाषेची खूण 'एमआर', म्हणजे मराठी, अशी द्यावी. ज्या फाँटांत दोन्ही रूपे ठेवलेली असतात, त्यांत यामुळे 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे न येता मराठी वळणाचे येतात. पान वाचून दाखवणाऱ्या आवाजालाही भाषा कळते.

आकाराचा हिशोब

२०१० साली ईथन मार्कॉट यांनी पडद्यानुसार आपोआप जुळवून घेणाऱ्या पानांची कल्पना एका लेखात मांडली. तेव्हापासून मोबाईलसाठी वेगळी वेबसाइट काढण्याची गरज राहिली नाही. यासाठी पहिली गोष्ट म्हणजे पानाच्या डोक्यात 'व्ह्यूपोर्ट'ची एक ओळ. ती नसेल तर फोन पान सुमारे ९८० पिक्सेल रुंद समजतो आणि मग सगळे आक्रसून दाखवतो. मुंगीएवढी अक्षरे येतात ती यामुळे. ती ओळ 'मोठे करता येणार नाही' अशा बंधनासह कधीही लिहू नये. चष्मा लागलेले आजोबा दोन बोटांनी पान ताणतात, त्यांचा हात धरू नये.

मथळ्यासाठी 'क्लॅम्प' नावाची सोय आहे. तीत किमान, मधले आणि कमाल असे तीन आकार द्यायचे. किमान २४ पिक्सेल, मध्ये पडद्याच्या रुंदीच्या ५ टक्के, कमाल ४० असे दिले, तर ४८० पिक्सेलपर्यंतच्या पडद्यावर २४, ८०० च्या पुढे ४०, आणि मधल्या रुंदीवर हळूहळू वाढत जाणारा आकार मिळतो. पिक्सेलऐवजी 'रेम' हे माप वापरावे, १६ पिक्सेलला एक रेम. ज्यांनी ब्राउझरमध्ये अक्षरांचा आकार वाढवून ठेवला आहे, त्यांची सोय तेव्हाच टिकते.

मथळा हा खरा मथळा असावा, म्हणजे 'एच-१', 'एच-२' या खुणांनी बांधलेला. नुसता मजकूर मोठा व ठळक केलेला नको. अंध व्यक्ती फोनमधील वाचक-आवाजाच्या साहाय्याने एका मथळ्यावरून दुसऱ्यावर उडी मारत पान चाळतात. खुणा नसतील तर त्यांना सगळे पान पहिल्यापासून ऐकावे लागते. पानाला 'एच-१' एकच ठेवावा आणि पुढच्या पायऱ्या क्रमाने घ्याव्यात. अक्षर लहान हवे म्हणून 'एच-४' निवडू नये; आकार बदलण्याचे काम सीएसएसचे.

मथळ्याचे पोस्टर करून चित्र म्हणून चढवण्याची आपल्याकडे फार चाल आहे. ते चित्र जड असते, शोधात सापडत नाही, लहान पडद्यावर अस्पष्ट होते आणि अंध वाचकासाठी मुके राहते. जुन्या डीटीपी फाँटांतील मजकूर तसाच चिकटवला तर त्याची अगम्य चिन्हे होतात. तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा. रंगांबाबत एवढेच, की मोठ्या अक्षरांसाठी पार्श्वभूमीशी किमान ३ : १ आणि लहान मजकुरासाठी ४.५ : १ इतका फरक हवा. पांढऱ्यावर पिवळे उन्हात दिसतच नाही.

मंडळीत किंवा तरुण संघात करण्यासाठी

आपल्या मंडळीचे किंवा संस्थेचे पान एका साध्या फोनवर उघडा. नुसते मथळे एका कागदावर उतरवा आणि ज्याने ते पान पाहिलेले नाही अशा व्यक्तीला वाचून दाखवा. प्रत्येकाखाली काय असेल ते तिला सांगता आले नाही, तो मथळा पुन्हा लिहा. मग फोनमधील अक्षरांचा आकार सर्वांत मोठा करून तेच पान पाहा : काही पडद्याबाहेर जाते का, ओळी एकमेकींवर चढतात का. शेवटी पानाचा दुवा दूरच्या गावातील एखाद्या परिचिताला पाठवून फोन करा आणि पहिले जे दिसेल ते मोठ्याने वाचायला सांगा. पान उघडायला किती वेळ लागला तेही विचारा.