शंका-समाधान : फिशटँकला घरातला एलईडी चालतो का?

शंका : हॉलमध्ये ४ फूट लांब, २ फूट रुंद, २ फूट उंच टाकी केली. दुकानदार फिशटँकचाच खास दिवा घ्या म्हणतो. तो परवडत नाही. साधा एलईडी बॅटन लावला तर?
– एक वाचक, गुरुकुंज मोझरी

समाधान : खुशाल लावा. माशांना दिवसरात्र कळण्यापुरता खोलीतला उजेड पुरतो. दिवा लागतो तो आपल्याला मासे नीट दिसावेत म्हणून आणि वनस्पतींसाठी. तेव्हा टाकीत काय लावणार, ते आधी ठरवा. वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा करता तुमच्या टाकीत साधारण ४०० लिटर पाणी राहील. नुसते मासे किंवा अनुबियास, जावा फर्न अशा कमी उजेडात तगणाऱ्या वनस्पती असतील, तर लिटरमागे १० ल्युमेन पुरेत. २० वॅटचा ४ फुटी बॅटन सुमारे २००० ल्युमेन देतो. असे दोन बसवा. व्हॅलिस्नेरिया दाट वाढवायची असेल तर चार. खोक्यावर वॅट पाहून थांबू नका, ल्युमेन वाचा. रंग ६५०० केल्विनचा, म्हणजे दुकानात ‘कूल डेलाइट’ म्हणून मिळतो तो. झाकणाला आतून पांढरा रंग दिलात तर वर जाणारा उजेडही पाण्यात उतरतो. चार बॅटन रोज ७ तास चालले, तरी महिन्याला १७ युनिटच्या आसपास वीज जाते.

शंका : सकाळच्या सामुदायिक ध्यानापासून रात्री निजेपर्यंत टाकीचा दिवा चालू असतो. काचेवर सारखं हिरवं शेवाळ धरतं. दिवा बदलू का?
– एक वाचक, मोझरी

समाधान : दिवा राहू द्या, तास कमी करा. रोज ६ ते ८ तास पुरे. दुपारी ३ ते रात्री १० असा टायमर लावा, म्हणजे सायंप्रार्थनेहून घरी आल्यावर टाकी उजळलेली दिसेल. खिडकीतून थेट ऊन येत असेल तर पडदा ओढा. मासे दोन-तीन मिनिटांत संपवतील एवढेच खाद्य टाका; उरलेल्या खाद्यावरही शेवाळ पोसते. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४२च्या वर जातो. पाणी तापले की त्यातला प्राणवायू घटतो. एलईडीची उष्णता थोडी असली तरी बंद झाकणाखाली ती कोंडते. झाकण जाळीचे करा आणि पाण्यावरून छोटा पंखा फिरू द्या.

शंका : बोअरच्या पाण्याने दिव्यावर पांढरे पापुद्रे येतात, उजेड मंदावतो. परवा झाकणाला हात लावला तर झिणझिण्या आल्या.
– एक वाचक, दर्यापूर

समाधान : तुम्ही खारपाणपट्ट्यात राहता, पाणी उडून वाळले की क्षार मागे उरणारच. दिवा बंद करून, पिन काढून, व्हिनेगरच्या फडक्याने पुसा. दिवा आणि पाणी यांच्यामध्ये काच ठेवली तर हा त्रास बराच कमी होतो.

झिणझिण्या मात्र आजच्या आज मनावर घ्या. साधा बॅटन पाण्याचे शिंतोडे सोसत नाही. उघड्या टाकीवर आयपी ६५ दर्जाचा दिवाच हवा. वायर सॉकेटच्या खालपर्यंत झोळ देऊन मग वर न्या. ओघळ सॉकेटात जाणार नाही. उन्हाळ्यात काळी माती सुकली की अर्थिंग कमजोर होते, त्या खड्ड्यात पाणी घालत जा. वायरमनला बोलावून ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. साध्या दिव्यामुळे वाचलेले पैसे आधी त्यावर खर्च करा आणि तोवर पिन काढल्याशिवाय टाकीत हात घालू नका.