फिरणारी संख्या : १,४२,८५७



एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न. नुसती लिहिली तर या संख्येत काही विशेष दिसत नाही. पण गुणून बघा.

१४२८५७ × २ = २८५७१४
१४२८५७ × ३ = ४२८५७१
१४२८५७ × ४ = ५७१४२८
१४२८५७ × ५ = ७१४२८५
१४२८५७ × ६ = ८५७१४२

अंक तेच सहा, आणि त्यांची रांगही मोडत नाही. ३ ने गुणलं की पुढचा १ उठून रांगेच्या मागे जातो. २ ने गुणलं की १ आणि ४ दोघेही मागे जातात. ७ ने गुणलं तर मात्र ९९९९९९ येतात.

वर्गात काही जण म्हणाले, हा मंतरलेला आकडा आहे. मंतरबिंतर काही नाही, हा भागाकार आहे. समजा, धानाचे १०,००,००० दाणे ७ जणांत सारखे वाटले. (मध्यम दाण्याचं धान असेल तर ते वीस-पंचवीस किलो भरेल.) प्रत्येकाला १,४२,८५७ दाणे मिळतात आणि एक दाणा उरतो.

आता हा भागाकार पाटीवर मांडा. १० ला ७ ने भागलं, भाग १, बाकी ३. शून्य खाली घेतलं, ३० झाले. भाग ४, बाकी २. मग २० : भाग २, बाकी ६. मग ६० : भाग ८, बाकी ४. मग ४० : भाग ५, बाकी ५. मग ५० : भाग ७, बाकी १. परत १ आला! पुढे कितीही शून्ये घ्या, तेच अंक त्याच क्रमाने येणार. कारण ७ ने भागताना बाकी ७ पेक्षा लहानच असते, आणि इथे १ ते ६ या सगळ्या बाक्या एकेकदा येऊन जातात. ३० लाख दाणे वाटले तर आपण ३ पासून सुरू करतो, म्हणून भाग ४२८५७१ येतो. चक्र तेच, सुरुवात वेगळी. बाकी उरली की आपल्याला वाटते गणित बिघडले. इथे तर सगळी करामत बाकीचीच आहे.

आपल्या महाराष्ट्रात दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५ ते १९८६) नावाचे गणिती होऊन गेले. ते नाशिक जिल्ह्यात देवळालीला शाळेत शिक्षक होते. संख्यांचे गुण शोधणे हाच त्यांचा छंद. ४५ ला ४५ ने गुणलं की २०२५ येतात, आणि २० + २५ = ४५. अशा संख्येला कापरेकर संख्या म्हणतात. आपली संख्याही त्यातलीच आहे. तिला तिनेच गुणलं की २०४०८१२२४४९ येतात. (आमच्या पुस्तकात एवढा मोठा गुणाकार नाही, पण रीत तीच.) त्याचे दोन तुकडे करा : २०४०८ + १२२४४९ = १४२८५७.

ज्या संख्येला तिच्या अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जातो, तिला कापरेकरांनी हर्षद संख्या असे नाव दिले. हर्षद म्हणजे आनंद देणारी. १+४+२+८+५+७ = २७, आणि १४२८५७ ÷ २७ = ५२९१. बाकी शून्य!

आता ८ ने गुणा. ११४२८५६ येतील. सगळ्यात पुढचा १ उचलून राहिलेल्या १४२८५६ मध्ये मिळवा आणि काय येते ते पालकांना दाखवा. मग ९ ने गुणून तसेच करा.