मशीन जागंच होतं

अकोल्याच्या त्या दुकानाची चिठ्ठी मी अजून फाडलेली नाही. निळ्या पेनाने त्यावर एवढंच लिहिलंय : ‘लॅपटॉप १, चार्जर १, बोर्ड?’ तारीख नाही, मॉडेल नाही, मी काय तक्रार सांगितली तेही नाही. त्या कागदाच्या भरवशावर मी माझं पोटापाण्याचं मशीन नऊ दिवस परक्या हातात दिलं.

अमरावतीत प्रबंधांचं टायपिंग आणि डीटीपी करते, सोळा वर्षं झाली. गेल्या एप्रिलमध्ये मूर्तिजापूरकडच्या एका प्राध्यापक बाईंचा प्रबंध हातात होता. विषय वऱ्हाडातल्या जात्यावरच्या ओव्या. बाई रविवारी माझ्याकडे येऊन बसत, एकेक ओवी म्हणून दाखवत आणि वहीत ‘मला’ उतरलं असेल तिथे म्हातारीच्या तोंडचं ‘मले’ करून घेत. या दुरुस्त्या थेट मशीनवर व्हायच्या. वहीत त्या कुठेच नव्हत्या. पहिली तीन प्रकरणं पेनड्राइव्हवर होती, चौथं आणि पाचवं नव्हतं. ती चूक माझी, ती मी कुणावर ढकलत नाही. पण बाकीचं जे झालं ते माझ्या चुकीने झालं नाही.

लॅपटॉप आठ महिन्यांचा. भाऊ अकोल्याला राहतो, एका ऑफरमध्ये त्याच्याबरोबर जाऊन तिथूनच घेतलेला. मार्चपासून एकच खोड लागली. रात्री झाकण लावायचं, सकाळी उघडलं की स्क्रीन काळी. बटणाजवळचा दिवा पेटलेला, पंख्याचा बारीक आवाज चालू, पण समोर काही नाही. शेवटी बटण दाबून धरून मशीन बंद करायचं आणि पुन्हा चालू करायचं. चालू झालं की दिवसभर बिनतक्रार चालायचं. न साठवलेलं काम मात्र दर वेळी जायचं.

दुकानदाराला फोन केला तर म्हणाला, “इथंच घेऊन या, कंपनीकडे कशाला जाता.” एसटीने गेले. काउंटरवर त्याने झाकण उघडलं, बटण दाबलं, क्षणभर पाहिलं आणि सांगून टाकलं, “बोर्ड गेला ताई याचा.”

मी म्हटलं, अहो, चालू केलं तर व्यवस्थित चालतं, फक्त स्लीपमधून उठत नाही. यावर तो मान वर न करता म्हणाला, “तुमाले त्यातलं काय समजते? उन्हात ठेवला असन. उन्हानं गेलेला बोर्ड वॉरंटीत बसत नाही.” ज्या मशीनवर मी रोज दहा तास बसते त्याची खोड मला समजत नाही, आणि त्याला एका नजरेत समजली!

मग नऊ दिवस फोन. “पाहून रायलो ताई.” “पोरगा सुटीवर हाय.” “पार्ट यायचा हाय.” आमच्या अमरावती-अकोला रस्त्यावर २०२२ च्या जूनमध्ये लोणी ते माना ७५ किलोमीटर डांबर १०५ तास ३३ मिनिटांत पडलं, गिनेस बुकात नोंद झाली. त्याच्या दुप्पट वेळ त्या माणसाने माझं मशीन ठेवून घेतलं आणि एकदाही झाकण लावून, तासाभराने उघडून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर खोड तिथेच दिसली असती.

नवव्या दिवशी बोलावणं आलं. बिल ३,२०० रुपये, ‘सर्व्हिसिंग’. पैसे दिले आणि तिथेच लॅपटॉप उघडला. डेस्कटॉप कोरा. माझे फोल्डर नाहीत, फॉन्ट नाहीत, सोळा वर्षांत जमवलेली शब्दसूची नाही.

“फॉरमॅट मारला,” तो म्हणाला. “आता एकदम मक्खन चालते.”

“अहो, माझं काम होतं त्यात. विचारलं का नाही?”

“बॅकअप नव्हता का तुमचा? फॉरमॅट तं मारावाच लागते.” एवढं बोलून तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला आणि त्याला माउसचे डबे काढून दाखवू लागला. मी तिथेच उभी. थोड्या वेळाने आपणहून म्हणाला, डाटा काढून देतो, त्याचे वेगळे २,५०० लागतील. तेव्हा मला माहीत नव्हतं, पण आज सांगते : जुन्या फिरत्या हार्डडिस्कवरून पुसलेलं काही वेळा परत मिळतं. आजच्या लॅपटॉपमध्ये एसएसडी असते. ती पुसलेली जागा स्वतःच आतून साफ करून टाकते, त्यामुळे फॉरमॅटनंतर काही हाती लागण्याची आशा जवळजवळ नसते. माझ्या मशीनमध्ये एसएसडीच होती. ती त्यानेच विकलेली होती.

त्या रात्री पेनड्राइव्हवरची तीन प्रकरणं चढवली, चौथ्याला वहीवरून हात घातला. जेवायला उठताना झाकण लावलं. येऊन उघडलं तर स्क्रीन काळी. ३,२०० रुपये, नऊ दिवस, दोन प्रकरणं गेली आणि खोड जिथल्या तिथे.

घरातले झोपले होते. मी दिवा बंद करून तशीच समोर बसून राहिले. टायपिंग करणाऱ्याचा हात कीबोर्डवर रिकामा बसत नाही. डावी करंगळी कॅप्स लॉकवर पडली आणि त्या बटणावरचा तांदळाएवढा दिवा लागला. पुन्हा दाबलं, विझला. पुन्हा दाबलं, लागला. मी सात-आठ वेळा दाबलं असेल. बोर्ड गेलेलं मशीन बटणाला उत्तर देतं का? मशीन जागं होतं. माझं ऐकत होतं. फक्त त्याला चित्र दाखवता येत नव्हतं.

वरच्या मजल्यावरच्या वहिनींचा मुलगा इंजिनिअरिंगला आहे, परीक्षेमुळे जागा होता. फोनवर सगळं सांगितलं. तो म्हणाला, “काकू, बंद करू नका. विंडोजचं बटण, कंट्रोल, शिफ्ट आणि बी, चारही एकदम दाबा.” दाबली. एक बारीक ‘बीप’ वाजला, स्क्रीन लुकलुकली आणि ओवीचं पान समोर आलं. अर्ध्या शब्दावर सोडलेला कर्सर तिथेच उघडझाप करत होता.

आनंद झाला नाही. संताप आला. चार बटणं दाबायला पैसे पडत नाहीत.

नंतर त्या मुलाने समजावलं ते असं. स्लीपमध्ये मशीन बंद होत नाही. उघडलेलं सगळं काम रॅममध्ये राहतं आणि रॅमला थोडी वीज चालू असते. उठताना प्रत्येक भागाला, म्हणजे स्क्रीन, वायफाय, कीबोर्ड या सगळ्यांना, त्यांच्या ड्रायव्हरने पुन्हा कामाला लावायचं असतं. माझ्या मशीनमध्ये ग्राफिक्सचा ड्रायव्हर तिथे अडकत होता. ती चार बटणं त्याच ड्रायव्हरला नव्याने चालू करतात, उघडं काम न गमावता. दुकानदाराने फॉरमॅट करून पुन्हा तोच ड्रायव्हर घातला, म्हणून खोडही तीच राहिली.

आता तुमच्या लॅपटॉपचं असं झालं तर दुकानाची पायरी चढण्याआधी घरी एवढं करा.

पहिलं, कॅप्स लॉक दाबा. दिवा लागत-विझत असेल तर मशीन जागं आहे. मग ती चार बटणं दाबून पाहा. तरी काही दिसलं नाही तर अंधारात मोबाईलचा टॉर्च तिरपा धरून स्क्रीनकडे पाहा. पुसट चित्र दिसलं तर स्क्रीनमागचा उजेड गेलाय. एचडीएमआयची वायर लावून टीव्हीवर चित्र आलं तर दोष तुमच्या स्क्रीनचा किंवा तिच्या पट्टीचा. कुणी सांगेल म्हणून एकदम बोर्डाचा खर्च मान्य करू नका.

कॅप्स लॉकचा दिवा हललाच नाही तर बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरून मशीन बंद करा. चार्जर, माउस, पेनड्राइव्ह सगळं काढा, बटण पुन्हा तीस सेकंद दाबून धरा आणि मग चालू करा. अडकलेला अवशिष्ट वीजभार जातो आणि पुष्कळदा तेवढ्यावरच भागतं.

मोबाईलचं चुंबकाचं झाकण लॅपटॉपवर ठेवू नका. झाकण लागलं की उघडलं, हे बऱ्याच लॅपटॉपना आतल्या चुंबकावरून कळतं. कडेला दुसरं चुंबक आलं तर मशीनला वाटतं झाकण लागलेलंच आहे.

‘शट डाउन’ केलं म्हणजे सगळं नव्याने सुरू झालं असं समजू नका. विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ आहे. त्यात शट डाउन करतानाही सिस्टिमचा गाभा डिस्कवर साठवून ठेवला जातो आणि पुढच्या वेळी तोच उचलला जातो. पूर्ण नवी सुरुवात ‘रीस्टार्ट’ने होते. ड्रायव्हर बदलला की रीस्टार्टच करा.

ड्रायव्हर घ्यायचा तो लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून, खाली चिकटवलेला मॉडेल नंबर टाकून. नवीन ड्रायव्हर आल्यावरच खोड सुरू झाली असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘रोल बॅक’ करून मागचा आणता येतो. बायोसचं अपडेट असेल तर तेही करा, पण चार्जर लावून, आणि आधी बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्क-कुलपाची, ‘रिकव्हरी की’ कागदावर उतरवून. अपडेटनंतर ती मागितली जाऊ शकते आणि नसली तर स्वतःचाच डाटा उघडत नाही. हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. मी बायोस अपडेट केलं त्या दिवशी ही की शोधण्यात माझी अख्खी दुपार गेली.

खोड जात नाही तोवर झाकण लावल्यावर स्लीपऐवजी ‘हायबरनेट’ होईल असं पॉवर ऑप्शन्समध्ये करून ठेवा. त्यात काम डिस्कवर साठतं आणि मशीन खरंच बंद होतं. उठायला थोडा वेळ लागतो, पण रात्री बॅटरी उतरली तरी काम जात नाही. आमच्याकडे उन्हाळ्यात लाइट कधी जाईल याचा नेम नाही, त्यामुळे मी तर कायमचं तेच ठेवलंय. हल्लीच्या पुष्कळ लॅपटॉपमध्ये ‘मॉडर्न स्टँडबाय’ असतं. त्यात झोपेतही मशीन थोडंफार काम करत राहतं, म्हणून बॅगेत घातलेला लॅपटॉप कधी कधी तापलेला निघतो. बऱ्याच लॅपटॉपच्या माहितीपत्रकात चालवण्याचं कमाल तापमान ३५ अंश छापलेलं असतं. अकोल्याचा मे ४५ गाठतो. तेव्हा एसटीच्या प्रवासात मशीन स्लीपमध्ये ठेवू नका. पण याचा अर्थ दुकानदार म्हणेल ती प्रत्येक गोष्ट उन्हाने झाली असाही नाही.

दुकानात द्यावंच लागलं तर जॉबशीट घ्या. मॉडेल, सिरियल नंबर, तुमच्या शब्दांत तक्रार, अंदाजे खर्च, आणि स्पष्ट अक्षरांत : ‘विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये’. सही आणि शिक्का. देत नसेल तर मशीन परत उचला. वॉरंटी चालू असेल तर दुकानदाराचं ऐकू नका, कंपनीला फोन करून तक्रार क्रमांक घ्या. कुणी विंडोजच्या नोंदवहीतली, म्हणजे ‘इव्हेंट व्ह्यूअर’मधली, लाल खूण आणि ४१ हा आकडा दाखवून बोर्ड गेला म्हणेल. तो आकडा एवढंच सांगतो की मशीन नीट बंद न होता पुन्हा सुरू झालं. बटण दाबून धरून बंद केलं तरी तीच नोंद होते.

तक्रारीचंही सांगते, कारण मी उशिरा चौकशी केली. वस्तू अकोल्यात घेतली म्हणून तक्रारही अकोल्यातच करावी लागेल, असं मी धरून बसले होते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते. म्हणजे मला अमरावतीतच करता आली असती. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची. ‘तुम्ही धंद्यासाठी घेतला, तुम्ही ग्राहक नाही’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू या कायद्यात बसते. आधी १९१५ या हेल्पलाइनवर फोन करा. माझ्या हातात मात्र काय होतं? ‘बोर्ड?’ लिहिलेली चिठ्ठी. मी काय तक्रार सांगितली होती आणि आत काय होतं, हे कशावरून सिद्ध करणार?

बॅकअप रोज घ्या, हे सगळेच सांगतात, मीही सांगते. पण फॉन्टच्या फाइलींचाही घ्या. जुन्या फॉन्टमधला मराठी मजकूर तो फॉन्ट नसेल तर नुसती खिचडी दिसतो.

बाई अकरा संध्याकाळी येऊन बसल्या. रागावल्या नाहीत, त्याचंच मला जास्त लागलं. दोन्ही प्रकरणं पुन्हा उभी राहिली. पण काही ओव्यांपाशी त्या थांबत, डोळे मिटून दोनदा गुणगुणत आणि शेवटी म्हणत, “इथं मले होतं का मला, आता नाही आठवत. वहीत आहे तसं राहू द्या.” अशा सतरा जागा आहेत. प्रबंध वाचणाऱ्याला त्या कळणार नाहीत. मी त्यांच्यापुढे पेन्सिलीने बारीक टिंब करून माझी प्रत ठेवली आहे, ती दुकानाची चिठ्ठी त्याच प्रतीत आहे.