पुरात बुडालेला संगणक: काय वाचते, काय नाही

22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले. भिजलेले कापड धुऊन, पडत्या भावाने का होईना, विकता येते. पण गल्ल्याजवळचा संगणक बुडाला आणि उधारीचा सारा हिशेब त्यातच असेल, तर वसुली कशाच्या आधारे करणार?

व्यापारी बांधवांनी एक गोष्ट समजून घ्यावी. नुसत्या पाण्याने सुटे भाग सहसा निकामी होत नाहीत. ओले असताना वीज सोडली की जळतात. म्हणून 'चालतो का बघू' म्हणत बटण दाबू नये.

मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल आधी काढावा. मग बोर्ड आणि रॅम चिखल सुकण्यापूर्वी स्वच्छ पाण्याने, नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन दोन-चार दिवस पंख्याखाली ठेवावेत. खाडीचे खारे पाणी असेल तर दिरंगाई नको, गंज लवकर चढतो. पॉवर सप्लाय मात्र नवाच घ्यावा. तो उघडूही नये. वीज तोडल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये विजेचा साठा राहतो.

खरी दौलत हार्ड डिस्कमध्ये. तिला हवेसाठी बारीक छिद्र असते, तेथून गढूळ पाणी आत जाते. लोक ती उन्हात वाळवतात आणि गाळ तबकड्यांवर चिकटून बसतो. ती ओलीच प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून माहिती काढून देणाऱ्या जाणकाराकडे न्यावी. हा खर्च डिस्कच्या किमतीच्या कितीतरी पट येतो. हिशेबाची ताजी नक्कल घरी पेन ड्राइव्हमध्ये असेल, तर तो करण्याचे कारण नाही.