अल्प तेलांत भाजी शिजविण्याचें शास्त्र

स्वयंपाकघर ही रोज उघडणारी प्रयोगशाळाच होय. परंतु तेथें घडणाऱ्या क्रियांचीं कारणें आपण क्वचितच विचारतों. भाजीवर तेलाचा तवंग आला म्हणजे पाहुणचार उत्तम झाला, अशी पुष्कळांची समजूत असते. उलट, ज्या घरीं तेल जपून वापरावें लागतें, तेथील गृहिणीस पाहुण्यापुढें ताट ठेवतांना संकोच वाटतो. हा संकोच सकारण आहे काय, हें पाहूं.

भाजी शिजते म्हणजे काय होतें? वनस्पतीच्या पेशींस परस्परांशीं जोडून ठेवणारें पेक्टिन नांवाचें एक द्रव्य असतें. पाणी व उष्णता यांच्या योगानें तें विरघळूं लागतें, पेशींची पकड सुटते आणि भाजी मऊ होते. या कार्यास तेलाची आवश्यकता नाहीं. दुधी, पडवळ, दोडका यांच्या वजनांत शेंकडा ९० हून अधिक भाग पाणीच असतें. म्हणून मंद आंचेवर झांकण ठेविलें असतां या भाज्या बहुतांशीं आपल्याच रसांत शिजतात. मीठ आरंभीं घातल्यास तें पेशींतील पाणी बाहेर ओढतें, हेंही साहाय्यच होतें.

भांड्यावर ताटली ठेवून तींत पाणी ओतण्याची आपल्याकडील जुनी रीत या दृष्टीनें मोठी मार्मिक आहे. आंतील वाफ त्या थंड ताटलीस लागली कीं तिचें पाणी होऊन तें भाजीवर परत ठिबकतें. त्यामुळें भाजी करपत नाहीं. शिवाय रस आटलाच, तर ताटलींतील कोमट पाणी घालावयास हाताशीं असतें. चिंच किंवा आमसूल मात्र भाजी मऊ झाल्यावरच घालावें. कारण आंबटपणामुळें पेक्टिन लवकर विरघळत नाहीं व भाजी टणक राहते.

मग तेलाचें कार्य कोणतें? समुद्रसपाटीवर पाणी १०० अंश सेंटिग्रेडला उकळतें. तेल याहून पुष्कळ अधिक तापतें. म्हणूनच तेलांत मोहरी तडतडते व परतलेल्या भाजीस तांबूस रंग आणि खरपूसपणा येतो. हिंग, जिरें, हळद यांचा गंध व रंगही तेलांत चांगला उतरतो. परंतु एवढ्यासाठीं फार तेल लागत नाहीं. पसरट भांड्यांत तेल पातळ पसरतें, म्हणून तें जास्त घ्यावें लागतें. लोखंडी पळीच्या खळग्यांत चहाच्या एका चमच्याएवढ्या तेलांतही मोहरी बुडते. अशी फोडणी शिजलेल्या भाजीवर ओतून लागलीच झांकण ठेवावें, म्हणजे सर्व वास आंत राहतो.

वांग्याची गोष्ट निराळी. त्याचा गर स्पंजासारखा सच्छिद्र असल्यामुळें तें कढईंतील तेल शोषून घेतें. तेंच वांगें निखाऱ्यावर भाजून भरीत केलें, तर तेलावांचूनही रुचकर लागतें.

आतां थोडें गणित करूं. १ ग्रॅम तेलापासून ९ उष्मांक मिळतात, तर तितक्याच पिष्टापासून ४. पाव किलो दुधींत जेवढे उष्मांक असतात, जवळजवळ तेवढेच चहाच्या एका चमचाभर तेलांत असतात. तेव्हां चार चमचे तेल घातलेली दुधीची भाजी आहाराच्या हिशेबानें भाजीपेक्षां तेलच अधिक होय.

तथापि तेल अजिबात वर्ज्य करणेंही शहाणपणाचें नाहीं. माठ, पालक, गाजर यांत कॅरोटीन असतें. त्यापासून शरीर ‘अ’ जीवनसत्त्व तयार करतें; त्याच्या अभावीं रातांधळेपणा येतो. हें कॅरोटीन शरीरांत नीट शोषलें जाण्यास जेवणांत थोडासा स्निग्ध पदार्थ असावा लागतो. लहान मुलें व अंगमेहनत करणारीं माणसें यांना तर तेलाची शक्ति हवीच. मात्र तो स्निग्ध पदार्थ बाटलींतूनच आला पाहिजे असें नाहीं. शेंगदाण्याच्या कुटांत वजनाच्या जवळजवळ निम्मे तेलच असतें, आणि ओल्या खोबऱ्यांतही तें भरपूर असतें. सबब कूट सढळ हातानें घालून वर ‘ही भाजी बिनतेलाची’ असें म्हणणें बरोबर नव्हे.

पालेभाजीविषयीं एक सूचना. ती आधीं धुवावी, मग चिरावी. कारण ‘क’ जीवनसत्त्व पाण्यांत विरघळतें. शिजवून उरलेलें पाणी फेंकून न देतां आमटींत घालावें. हिरवा रंग टिकावा म्हणून कोणी खाण्याचा सोडा घालतात, परंतु त्यानें जीवनसत्त्वांचा नाश होतो.

विद्यार्थ्यांनीं सुटींत घरच्या वडील माणसांच्या देखरेखीखालीं हा प्रयोग अवश्य करावा. एकाच दुधीचे दोन सारखे भाग घ्यावे. एक भाग नेहमींच्या तेलांत करावा. दुसरा ताटलीच्या वाफेवर शिजवून त्यावर चमचाभर तेलाची फोडणी ओतावी. कोणती कशी केली हें न सांगतां दोन्ही भाज्या घरच्या मंडळींस वाढाव्या, व प्रत्येकाचें मत वहींत टिपून ठेवावें. दुसरीच अनेकांस आवडली, तर कमी तेलांत रोज स्वयंपाक करणाऱ्या आईस तें अवश्य सांगावें.