परीक्षेचें माप



दहावीचा निकाल लागला कीं बारामतीच्या पेठेंत काय किंवा इंदापूरच्या एस. टी. स्थानकावर काय, भेटणारा प्रत्येक जण एकच पृच्छा करितो : "टक्के किती पडले?" तो आंकडा कोणत्या मापानें काढिला, हें मात्र सहसा कोणी विचारीत नाहीं. आपले वाडवडील धान्य घेतांना आधीं दुकानदाराची पायली निरखून पाहात. मुलाचें ज्ञान मोजतांना आपण तेवढीहि सावधगिरी बाळगीत नाहीं.

राज्य मंडळाच्या दहावीच्या निकालाचेंच उदाहरण घेऊं. २०१८ सालीं शेंकडा ८९.४१ विद्यार्थी उत्तीर्ण झाले. २०१९ सालीं हें प्रमाण ७७.१० वर आलें, २०२० सालीं ९५.३० झालें आणि २०२१ सालीं ९९.९५! चार वर्षांत मुलांची बुद्धि अशी वरखालीं झाली असेल काय? २०१९ सालीं पाठ्यपुस्तकें नवीं होतीं हें खरें. परंतु त्याच वर्षीं भाषाविषयांतील शाळेकडचे २० गुण काढून टाकून सर्व १०० गुण लेखी ठेविले होते. पुढील वर्षीं ते २० गुण परत आले. शिवाय साथीमुळें भूगोलाची परीक्षा होऊं शकली नाहीं. २०२१ सालीं तर मंडळाची लेखी परीक्षाच झाली नाहीं. नववीच्या निकालास ५०, दहावीच्या वर्षांतील शाळेच्या लेखी परीक्षांस ३० व तोंडी, प्रात्यक्षिक, स्वाध्याय यांस २० असे गुण वांटून निकाल लाविला. मुलें त्याच गांवचीं, त्याच घरांतलीं. पायली मात्र दर वर्षीं निराळी.

मोठ्या परीक्षेचें जें, तेंच एकेका प्रश्नाचें. 'नीरा व भीमा यांचा संगम कोठें होतो?' या प्रश्नास इंदापूर तालुक्यांतील कोणताहि मुलगा 'नरसिंहपूर' असें एका शब्दांत उत्तर देईल. त्यानें तो संगम पाहिला असो वा नसो, गुण सारखाच. त्याच मुलास 'नीरा डावा कालवा वाहूं लागल्यावर कालव्याच्या बाजूच्या शेतींत व दूरच्या शेतींत काय अंतर पडलें, तें कारणांसह लिहा' असें विचारलें, तर पुस्तक मिटून त्याला शिवाराकडे पाहावें लागतें. पहिला प्रश्न वाईट आहे असें आमचें म्हणणें नाहीं. गांवांचीं नांवें ठाऊक नसतील तर कारणें तरी कोठून सांगणार? परंतु प्रश्नपत्रिकेंत केवळ पहिल्याच जातीचे प्रश्न येतात असें मुलास एकदां कळलें, कीं तो शिवाराकडे पाहाणें सोडून देतो.

चार पर्यायांतून एक निवडण्याच्या प्रश्नांत तपासणाराची लहर चालत नाहीं, हा मोठाच गुण आहे. पण तेथें दैवाची लहर चालते : असे २० प्रश्न असतील, तर कांहींहि न वाचलेला मुलगा डोळे मिटून खुणा करीत गेला तरी सरासरीनें ५ उत्तरें बरोबर येतात.

निबंधवजा उत्तरांची अडचण याच्या उलट. इंग्लंडांत हार्टोग व ऱ्होड्स यांनीं १९३५ सालीं प्रसिद्ध केलेल्या चौकशींत इतिहासाच्या १५ उत्तरपत्रिका १४ परीक्षकांकडून तपासून घेतल्या आणि वर्ष-दीड वर्षानें त्याच त्यांजकडे पुनः दिल्या. २१० निर्णयांपैकीं ९२ बदलले! परक्यांस कशाला हंसावें? आम्हींहि एकदां सहामाहीचा निबंधांचा गठ्ठा रात्रीं उशिरापर्यंत तपासला. सकाळीं पाहातों तों आरंभीं ज्या तोलाच्या निबंधास ६ गुण दिले, त्याच तोलाच्या शेवटच्या निबंधास ४. दोष मुलाचा नव्हता, आमच्या झोपेचा होता. तेव्हांपासून आम्ही उत्तरांतील अपेक्षित मुद्दे आधीं कागदावर मांडून घेतों व सर्व मुलांचा एकच प्रश्न सलग तपासून मग दुसऱ्यास हात घालतों. काम दुणावतें खरें.

आणि कांहीं गोष्टी कागदावर मोजतांच येत नाहींत. बारामती ही मोरोपंतांची कर्मभूमि. त्यांच्या आर्येचा अन्वय लावा, अर्थ लिहा, मात्रा मोजा, असें आम्ही लेखी विचारूं शकतों. पण ती आर्या चालीवर, यति सांभाळून, अर्थ मनांत धरून म्हणतां येते कीं नाहीं, हें मुलगा समोर उभा राहून म्हणेल तेव्हांच कळेल. आमच्या वर्गांत एक मुलगा लेखींत नेहमीं मागें असे. तोंडी परीक्षेंत त्यानें आर्या म्हटली तेव्हां पुढच्या बांकावरचे हुशार विद्यार्थीहि स्तब्ध झाले. तोंडीचे गुण उधळपट्टीनें वांटले जातात हा आक्षेप खोटा नाहीं. पण औषध अपथ्यानें घेतलें म्हणून औषधच फेंकून द्यावें, हें आम्हांस पटत नाहीं.

पालकांस एक विनंती आहे. शाळेच्या चाचणीचे गुण प्रगतिपुस्तकांत पाहून सही करण्यापूर्वीं उत्तरपत्रिका मागून घ्या व चुकलेला एक प्रश्न मुलाकडून तोंडीं समजून घ्या. आपणांस लिहितांवाचतां येत नसेल तरी चालेल. समजावून सांगतांना तो कोठें अडखळला, तें आपल्या ध्यानांत येईलच. तेवढें आम्हांस येऊन सांगा. मंडळाच्या निकालाविषयीं शंका असेल, तर ठरावीक मुदतींत शुल्क भरून गुणपडताळणी करून घेतां येते व उत्तरपत्रिकेची छायाप्रत मिळते. पुनर्मूल्यांकन हवें असल्यास आधीं ती छायाप्रत घ्यावी लागते. प्रत हातीं आली कीं ती घेऊन त्या विषयाच्या शिक्षकांकडे या. अर्ज करावा कीं नाहीं, तें दोघे मिळून ठरवूं.